खूणवाले साहेब

प्रिय अद्वैत आणि सई,

गेल्या रविवारी अद्वैतचा अनोळखी नंबरावरून फोन आला. प्रवासात पाकीट मारलं गेलं होतं, मोबाइलही गेला होता, आणि तो मित्राच्या फोनवरून थोडे पैसे मागत होता. मी "बरं बाळा" म्हणाले आणि फोन ठेवून दिला. मग सईला फोन करून त्या मित्राचा नंबर विचारला, तो नंबर मी स्वतः लावला आणि अद्वैतला विचारलं, लहानपणी माझ्याकडे आला होतास तेव्हा पाण्याच्या टाकीत काय टाकलं होतंस? बरोबर उत्तर आल्यावरच पैसे पाठवले. तोवर बराच वेळ गेला आणि अद्वैत स्टेशनवर उपाशी बसून राहिला. "आजी, तू माझा आवाजसुद्धा ओळखला नाहीस?" असं तो रुसून म्हणाला.

आवाज ओळखला होता. म्हणून तर फोन ठेवला. माणसाचा आवाज आता यंत्राला जसाच्या तसा काढता येतो हे तुम्हीच मला दाखवलंत. मागे माझ्याच आवाजात मला वाढदिवसाचं गाणं म्हणून दाखवलंत, तुम्ही दोघं पोट धरून हसलात, आणि मला मात्र नंतर कितीतरी वेळ स्वतःशी बोलायचीही भीती वाटली.

पण फोन ठेवून उलटा फोन करायची ही सवय मूळची माझी नाही. लातूरला बँकेत मी ज्यांच्या हाताखाली काम केलं, त्या गृहस्थांची ती सवय. अद्वैतचा राग जावा म्हणून त्यांच्याविषयी लिहिते आहे. त्यांचं नाव लिहीत नाही. आपलं नाव कुणाच्या कागदावर कारणाशिवाय येऊ द्यायचं नाही, असा त्यांचा नियम होता आणि तो मी मोडणार नाही.

ते नांदेडचे, जुन्या मुसलमान घराण्यातले. वडील, चुलते सगळे घड्याळदुरुस्तीच्या धंद्यात. हे एकटे शिकून बँकेत आले आणि आमच्या शाखेत अकाउंटंट झाले, म्हणजे मॅनेजरच्या खालोखालचे अधिकारी. उंच, किडकिडीत, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. डावा कान जवळजवळ बंद होता आणि उजव्याचंही फारसं खरं नव्हतं. त्यामुळे ते स्वतः अगदी हळू बोलायचे, आणि त्यांच्याशी बोलणारा माणूस मात्र शेतातून हाक मारावी तसा ओरडायचा. त्यांच्या टेबलावर चाललेलं बोलणं रस्त्यावरच्या पानवाल्यालाही कळायचं.

मी हैदराबादला मिशनच्या शाळेत इंग्रजीतून शिकलेली. फायलींना रंगीत दोरे लावायची, कामाची यादी करून एकेक खोडायची माझी पद्धत होती. लातूरला बदली झाली तेव्हा वाटलं होतं की शाखेत आपल्याइतकं शिस्तीचं दुसरं कुणी नसेल. साहेबांना पाहिल्यावर आपण फारच ढिल्या आहोत असं वाटायला लागलं.

कुणी पेन मागितलं तर ते द्यायचे, पण टोपण काढून स्वतःच्या मुठीत ठेवून. "टोपण नसलेलं पेन कुणी खिशात घालत नाही, मॅडम," हे त्यांचं कारण. सही करताना डावा हात कागदावर आडवा धरायचे, परीक्षेत हुशार मुलगा शेजाऱ्यापासून उत्तर झाकतो तसा. चहावाल्याच्या हिशेबावर सही करतानाही तसंच. आणि कागदावर कोरी जागा राहिली की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. शेवटच्या अक्षराखाली तिरकी रेघ मारल्याशिवाय कागद हातातून सुटायचा नाही. माझ्या नणंदेच्या लग्नाची पत्रिका दिली, तर खालच्या कोऱ्या भागात आधी त्यांनी रेघ मारली आणि मग पत्रिका वाचली.

त्यांच्या नांदेडच्या घरी एकदा सकाळी खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा खायला गेले होते, तेव्हा भाभी म्हणाल्या, "बाजार की चिठ्ठी पर भी लकीर मारते, मॅडम. मैं क्या नमक के नीचे हाथी लिख देऊँगी?"

साहेबांना ऐकू आलं नाही. त्यांनी विचारलं, "काय म्हणतेय?"

"खिचडी छान झालीय म्हणतायत," मी ओरडले.

"मग स्वतःच काय तारीफ करून राहिली?" साहेब म्हणाले.

फोनची गोष्ट तर आमच्या अख्ख्या विभागात गाजलेली होती. एकदा विभागीय कार्यालयातून मोठ्या साहेबांचा फोन आला. त्यांनी नाव सांगितलं नाही, कारण त्यांना नाव सांगायची सवय नव्हती. "मी बोलतोय," म्हणाले आणि एका खात्याची माहिती विचारू लागले. आमच्या साहेबांनी "जी" म्हणून रिसीव्हर खाली ठेवला. मग स्वतःच्या वहीतून विभागीय कार्यालयाचा नंबर काढला आणि लावला.

पलीकडून इतका आरडाओरडा झाला की माझ्या टेबलापर्यंत ऐकू आला. "तुम्ही माझा फोन ठेवलात? माझा?"

"जी हां, साहेब," हे शांतपणे म्हणाले. "मघाशी तुम्ही लावला होता, तेव्हा तुम्ही कोणी पण असू शकत होता. आता मी लावला. आता तुम्हीच आहात. बोला, कोणतं खातं?"

त्या फोनमुळे त्यांची बढती अडली असं लोक म्हणायचे. मी एकदा धीर करून विचारलं. ते म्हणाले, "अडली असंल. पण मला रात्री झोप लागते."

तुम्हाला आता बँकेतून बोलतोय, कुरियरमधून बोलतोय, पोलिस ठाण्यातून बोलतोय असे फोन येतात. कोणी गणवेश घालून पडद्यावर दिसतो आणि खोलीचं दार बंद करा, कुणाशी बोलू नका म्हणतो. मला असा फोन आला की मी साहेबांसारखं "जी" म्हणते आणि ठेवून देते. मग कार्डाच्या मागे छापलेला नंबर मी स्वतः लावते. खरी बँक असेल तर तिला राग येत नाही. आणि कुणाशी बोलू नका असं जो सांगतो त्याच्याविषयी तर सगळ्यात आधी घरात बोलायचं. मोबाइलवर आलेला ओटीपीचा आकडा कुणाला वाचून दाखवायचा नाही, हे तर तुम्हाला माहीतच आहे. ते आकडे तेव्हा नव्हते. माणसं मात्र हीच होती.

साहेबांचा हा सावधपणा कशासाठी असतो, हे मला भूकंपामुळे कळलं. भूकंपानंतर बँकेने त्यांना किल्लारीच्या बाजूला पाठवलं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये लोक राहत होते, आणि मदतीची रक्कम जमा व्हावी म्हणून त्यांची खाती उघडायची होती. कागद कुणाकडेच नव्हते. पासबुकं, सातबारे, रेशन कार्डं, सगळं घरांबरोबर मातीखाली गेलेलं. समोर येऊन बसलेला माणूस तोच आहे कशावरून? मेलेल्याचा भाऊ म्हणून आलेला खरंच भाऊ आहे कशावरून? काही लोक अशा वेळीही दुसऱ्याच्या दुःखावर टपून असतात. ते तिथेही आले होते.

साहेबांनी झाडाखाली टेबल मांडलं आणि आपली पद्धत काढली. माणसाला विचारायचं, घराचं तोंड कुणीकडे होतं, दारात झाड कोणतं होतं, चूल कुठल्या भिंतीला होती. मग शेजारच्या दोघांना वेगवेगळं बोलावून तेच विचारायचं. तिघांचं घर एक निघालं की खातं उघडायचं.

मीही काही दिवस त्यांच्या मदतीला होते. एक म्हातारी आली. त्यांनी विचारलं, "आक्का, दारात काय होतं?"

"काय सांगू साहेब," ती म्हणाली, "दारच न्हाई राहिलं."

साहेबांनी पेन बंद केलं. तिला पाणी दिलं. ती हळूहळू बोलायला लागली. दारात शेवगा होता, त्याच्या शेंगा अख्खी आळी न्यायची, सून बाळंतीण झाली तेव्हा त्याचाच पाला काढला होता. साहेब मान हलवत ऐकत राहिले. मागे लांब रांग होती, पण कुणी तक्रार केली नाही. त्या रांगेतल्या प्रत्येकाला आपल्या दारातलं झाड कुणाला तरी सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी एक तरुण तिचा पुतण्या म्हणून आला आणि दारात लिंब होता म्हणाला. साहेब "पाणी पी अन् घरी जा," एवढंच म्हणाले.

तिथेच त्यांना खूण सापडली. तसं पाहिलं तर ती खेड्यांत पहिल्यापासून होती. एका घरून दुसऱ्या घरी दागिना, पातळ, काही मोलाची वस्तू मागवायची असली की येणाऱ्याबरोबर खूण पाठवायची पद्धत होती. "आत्यानं धाडलंय, परवा हिरीवर तुमची बांगडी वाढली ती खूण," असं म्हटलं की वस्तू निमूट हातात पडायची. जे फक्त दोघांना माहीत, तेच सांगायचं. साहेबांना हे इतकं आवडलं की त्यांनी ते बँकेत आणलं. खातं उघडायला आलेल्या प्रत्येकाला ते विचारायचे, "घरची खूण ठरवली का?" नसेल तर तिथंच ठरवायला लावायचे. कुणी येऊन म्हणालं, तुमच्या माणसानं पैसे मागवलेत, तर आधी खूण विचारा. खूण नाही तर पैसे नाही. लोक त्यांना खूणवाले साहेब म्हणायला लागले.

पुढे काही वर्षांत लातूर बदललं. ज्या गावात लोक भिंतीखाली झोपायला घाबरत होते, तिथे मजल्यावर मजले चढले आणि प्रत्येक मजल्यावर क्लास निघाला. उमरीची, इस्लापूरची, पार कर्नाटकाच्या हद्दीवरची पोरं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला येऊ लागली. खोल्या, खानावळी, झेरॉक्सची दुकानं. आणि जवळपासच्या गावांतल्या पोरांना घरून डबा यायचा. सकाळच्या जीपगाड्या प्रवाशांनी भरलेल्या आणि टपावर डब्यांच्या ओळी. डबा चुकू नये म्हणून आया त्यावर रंगाने सगळं लिहून घ्यायच्या. मुलाचं पूर्ण नाव, गाव, अकरावी की बारावी, कोणता क्लास, कोणतं हॉस्टेल.

साहेबांना हे डबे बघवायचे नाहीत. बँकेत येताना ते जीपस्टँडवर थांबायचे आणि उतरवून ठेवलेले डबे एकेक करून फिरवायचे, नावाची बाजू भिंतीकडे.

"आले डबेवाले साहेब," ड्रायव्हर हसायचे. "साहेब, डबे काय लाजून राहिले का?"

"हा डबा आहे का रेशन कार्ड?" साहेब म्हणायचे. "येणारा-जाणारा वाचतो ना!"

एकदा एक बाई त्यांच्याशी भांडल्या. "नाव न्हाई टाकलं अन् डबा दुसरीकडं गेला, तर माझं लेकरू उपाशी राहतंय. तुम्ही जेवू घालता का?" साहेबांनी डबा परत सरळ केला.

सुमनबाई ह्या अशाच डबा पाठवणाऱ्या. किल्लारीच्या अंगाच्या एका गावातल्या. भूकंपात नवरा आणि धाकटा मुलगा गेला. त्या आणि थोरली मुलगी रेखा वाचल्या. मिळालेली रक्कम त्यांनी आमच्या बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवली होती आणि दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करून घर चालवलं होतं. ठेवीला कधी हात लावला नाही. ती रेखाच्या कॉलेजसाठी होती. रेखा लातूरला क्लासमध्ये आली तेव्हा मायलेकी तिचं खातं उघडायला साहेबांसमोर बसल्या, आणि साहेबांनी त्यांनाही खूण ठरवायला लावली.

त्यानंतर एके दिवशी ऐन गर्दीत सुमनबाई बँकेत शिरल्या. पदर सुटलेला, पायात चप्पल नाही. बरोबर पांढऱ्या शर्टातला एक माणूस, काखेत फाइल.

"साहेब, ठेव मोडा," त्या साहेबांच्या टेबलाशी येऊन ओरडल्या. "माझी रेखा दवाखान्यात हाय. अपेंडिक फुटलंय म्हणतेत. आताच्या आता ऑपरेशन करायचंय."

"मी हॉस्टेलचा आहे," तो माणूस अदबीने म्हणाला. "रेखा बारावीला, सकाळच्या बॅचला. मीच तिला ॲडमिट केलं आणि गावाकडे जीप घेऊन गेलो."

साहेबांनी सुमनबाईंना विचारलं, "खूण सांगितली ह्यांनी?"

"हाव! घरात पाय ठेवताच सांगितली. चिंचेखालची चूल. रेखानंच सांगून धाडलंय."

भूकंपानंतर पहिले काही दिवस मायलेकींनी चिंचेखाली तीन दगड मांडून स्वयंपाक केला होता, ती ही खूण. ती बरोबर होती. साहेबांच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी ठेवीचे कागद काढलेसुद्धा. साहेबांनी पेन उघडलं, पण ते हवेतच राहिलं.

"दवाखाना कोणता?"

"औसा रोडवरचा, काका," माणूस म्हणाला. "जरा लवकर केलं तर बरं. टाइम कमी आहे."

साहेबांनी सुमनबाईंकडे पाहिलं. "आक्का, तुम्ही किल्लारीकडून आलात. म्हणजे औशावरून. दवाखाना रस्त्यातच लागला. उतरून पोरीला बघितलं का?"

सुमनबाईंनी त्या माणसाकडे पाहिलं.

"आत सोडत नाहीत," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, आधी पैसे भरा. म्हणून सरळ इकडे आणलं."

"मग दवाखान्याच्या नावानं चेक देतो."

"चेक घेत नाहीत ते. कॅशच लागते."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. आणि सुमनबाईंचा बांध फुटला. तो आवाज मी विसरू शकत नाही.

"तुम्ही काय करून राहिलात, साहेब? खूण बरोबर हाय की न्हाई? नेम तुमचाच हाय न्हवं? त्या पहाटे बी लोकं असंच म्हणले. थांबा, मशीन येऊ द्या, हातानं उपसाल तर भिंत आणखी बसंल. माझं बाळ आतून आई, आई करून राहिलं होतं अन् मी थांबले. मशीन आलं तवा आवाज बंद झाला होता. मी आता कुणाचं ऐकून थांबायची न्हाई."

मलाही वाटलं, देऊन टाकावेत. समजा हा माणूस खरा असेल, तर ह्या बाईला दुसऱ्यांदा थांबवायचा अधिकार आम्हाला कुणी दिला?

साहेब उठले. आवाज नेहमीसारखाच हळू होता. "थांबायचं नाही, आक्का. आपण धावत जाऊ. पैसे तुमचेच आहेत. मॅडम, ठेव मोडा, रक्कम माझ्या पिशवीत द्या. मी आक्कांबरोबर जातो. पोरीला डोळ्यानं बघितलं की त्याच खिडकीवर भरतो. आजारी लेकरू आधी आई मागतं. पैसे नंतर मागतं." मग त्या माणसाकडे वळून म्हणाले, "चला, तुम्ही पण बसा जीपमध्ये."

"हो, हो. मी गाडी दारात आणतो," असं म्हणून तो माणूस बाहेर गेला.

तो परत आला नाही. जीपही गेली.

आम्हाला कळलं. सुमनबाईंना नाही. त्या दारात उभ्या राहून रस्त्याकडे बघत होत्या आणि "गाडी का आली न्हाई, गाडी का आली न्हाई" म्हणत होत्या. माणूस पळाला म्हणजे मुलगी सुखरूप आहे, हे आईला कसं पटावं? साहेबांनी रिक्षा थांबवली आणि त्यांना घेऊन दवाखान्याकडे गेले. मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही क्लासला जा. असंल तिथं, तर घेऊनच या."

तो क्लास म्हणजे मंगल कार्यालयाएवढा हॉल होता. एका बाजूला मुलं, एका बाजूला मुली, आणि सर माइकवरून भौतिकशास्त्र शिकवत होते. मी बँकेतून आले आहे म्हटल्यावर त्यांनी खडू खाली ठेवला आणि माइकवरून रेखाचं नाव पुकारलं. मधल्या रांगेतून एक सावळी मुलगी उठली. बोटांना शाई लागलेली, हातात वही. मी तिला जवळजवळ ओढतच रिक्षात घातलं. वाटेत ती एवढंच विचारत होती, "आईला काय झालं? मॅडम, आईला काय झालं?"

साहेब आणि सुमनबाई आमच्या आधी परतले होते. दवाखान्यात रेखा नावाची कुणी नव्हती. त्यामुळे सुमनबाई आणखीच घाबरल्या होत्या. मुलगी दारातून आत आली तशा त्या उठल्या आणि काही न बोलता तिच्या पोटावर हात दाबून बघायला लागल्या.

"हितं दुखतंय का?"

"न्हाई गं, आई."

"हितं?"

"अगं, कुठंच न्हाई!"

मग त्यांनी तिला एक थप्पड मारली, आणि लगेच छातीशी इतकं घट्ट धरलं की पोरीची वही चुरगळली. रांगेतल्या बाया डोळे पुसत होत्या. कुणीतरी चहा सांगितला.

सगळं शांत झाल्यावर साहेबांनी रेखाला जवळ बसवलं. नाव, क्लास, हॉस्टेल त्या माणसाने डब्यावरून घेतलं असणार हे त्यांनी ओळखलं होतं. पण खूण डब्यावर नव्हती. "बेटा, खरं सांग. खूण कुणाला सांगितली होतीस? मैत्रिणीला?"

"कुणालाच न्हाई, सर. शप्पथ."

"आक्का, तुम्ही? जीपमध्ये, शेतात, कुठं बोललात?"

"न्हाई, साहेब. मी कशाला बोलू?" सुमनबाई म्हणाल्या. मग जरा आठवून म्हणाल्या, "तुम्हालाच सांगितली होती. हितं, ह्याच टेबलाला. काय ठरली म्हणून तुम्ही विचारलं. तुम्हाला ऐकू आलं न्हाई, म्हणून दोनदा वरडून सांगितली."

त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर अजिबात नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच.

साहेबांनी समोरच्या बाकाकडे पाहिलं. तिथे नेहमीसारखी माणसं बसली होती. कुणी पासबुक भरून घ्यायला, कुणी पंख्याखाली सावलीला. कुणीही येऊन बसावं अशीच ती जागा. किती लोकांच्या खुणा त्यांनी त्या बाकासमोर ओरडून घेतल्या असतील! त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. भूकंपाच्या शेडमध्येही तो इतका उतरला नव्हता.

त्या संध्याकाळी त्यांनी मॅनेजरला सगळं स्वतः सांगितलं, जाऊन पोलिसांत कळवलं, आणि पुढच्या रविवारपासून गावोगाव जायला सुरुवात केली. नांदेडला घरी जाणं बंद केलं. मिळेल त्या जीपमध्ये, कधी टपावर बसून जायचे. खुणा ठरवायला लावलेल्या एकेका घरी जाऊन सांगायचे, "माझी चूक झाली. तुमची खूण मी चारचौघांत विचारली. बदलून घ्या." बहुतेक लोक म्हणायचे, चालतंय साहेब, एवढ्यासाठी कशाला आलात, बसा, जेवून जा. काही जण तिथल्या तिथं नवी खूण त्यांना ओरडून सांगायला लागायचे, आणि साहेब दोन्ही कानांवर हात ठेवून अंगणातून बाहेर पळायचे.

सुमनबाईंकडे जाताना त्यांनी मलाही नेलं. पुन्हा वसवलेलं गाव ते. एकसारखी घरं, सरळ रस्ते, पलीकडे ऊस. रेखा सुट्टीत घरी आली होती. सुमनबाईंनी ओसरीवर घोंगडी अंथरली, चहा केला.

"आक्का," साहेब म्हणाले, "चोरानं कुलूप तोडलं नाही. किल्ली मीच बाहेर टांगून ठेवली होती."

"असू द्या, साहेब. माझी लेक समोर हाय." त्यांनी बशी पुढे केली. "चहा निवून राहिला."

चहा पिऊन साहेब उठले. "आता मायलेकी नवीन खूण ठरवा. मला सांगायची नाही. मॅडमला पण नाही." आणि ते तरातरा चालत रस्ता ओलांडून उसाच्या बांधापर्यंत गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"साहेब, हितंच बसा की!" सुमनबाई हसून ओरडल्या. "तुम्हाला तसं बी कुठं ऐकू येतंय?"

तेही त्यांना ऐकू आलं नाही. मग मीही उठले आणि त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. मागे ओसरीवर मायलेकींची कुजबुज सुरू झाली. एकीने काहीतरी सुचवलं, दुसरी "ह्या!" म्हणाली, आणि मग दोघी हसायला लागल्या. सुमनबाई हसता हसता थांबायच्या आणि पुन्हा हसायच्या.

"झालं का?" साहेबांनी मला विचारलं.

"अजून नाही," मी त्यांच्या उजव्या कानाशी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि आम्ही दोघं उसाकडे बघत उभे राहिलो.